पत्र्याखालची बाज

(विहाराच्या पंचविसाव्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'वृद्ध मातापित्यांची सेवा' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो. आम्ही काही वक्ते नव्हेत. आमच्यापैकी एक गवंडी, दुसरी अंगणवाडीत मदतनीस. आता दोघेही वयामुळे घरीच असतो. आज उभा राहून बोलणारा एक असला, तरी 'आम्ही' म्हणतो ते दोघांच्या वतीने. कारण जिच्याविषयी बोलायचे ती एकाची आई आणि दुसरीची आत्या. सासू नंतर झाली, आत्या आधीची. बोलण्यात काही चुकले तर समोरच्या रांगेतून लगेच दुरुस्ती होईल, नजर इकडेच लागलेली आहे.

समितीने पुन्हा गळ घातली आणि आम्ही हो म्हणालो, त्याला एक कारण घडले. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, परंडा-भूमकडे लोकांच्या घरांत पाणी शिरले, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या विहारातून धान्य आणि पांघरुणे घेऊन जी मंडळी गेली, त्यांत आम्हीही होतो. एका शाळेच्या वर्गात पुरातून आलेली कुटुंबे बसली होती. एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिचा मुलगा तिला सांगत होता, ''आई, काळजी करू नकोस, आपण नवीन घर बांधू.'' ती ''बरं'' म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. परत येताना टेंपोत आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. हेच वाक्य, याच शब्दांत, आम्ही आमच्या आईला सांगितलं होतं. तिनेही असंच ''बरं'' म्हटलं होतं.

भन्तेजींनी मघाशी सिगालोवाद सुत्तातली मुलांची पाच कर्तव्ये समजावून सांगितली. त्यावर आम्ही काय बोलणार? आम्ही फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगतो. त्यात चांगलं वागल्याचं थोडं आहे, चुकल्याचं जास्त आहे.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचा जन्म भूकंपानंतरचा, म्हणून थोडं मागचं सांगावं लागेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावोगाव गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत जमिनीला मिळाली. माणसे गेली ती सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास आठ हजार. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. आपलं गाव त्यांतलंच एक. आदल्या वर्षी, १९९२ सालीही, धक्के बसले होते. पण माणसाला सवय होते. भांडी वाजली की आम्ही म्हणायचो, आलं पुन्हा.

घरं का पडली, हे आमच्यापैकी गवंड्याला नंतर बांधकामाच्या प्रशिक्षणात कळलं. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच हात रुंद. दिसायला किल्ला! पण ती एक भिंत नव्हतीच. आतून दगडाचा एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये माती, मुरूम, दगडाचे तुकडे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड क्वचितच घातलेला. वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी गळू नये म्हणून आणखी माती टाकायची, जुनी काढायची नाही. असं करत डोक्यावर हात-दीड हात मातीचं ओझं व्हायचं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्या घरात लाकडी खांबांवर माळवद असायचं. भिंती कोसळल्या तरी कित्येक ठिकाणी खांब उभे राहिले आणि माणसं वाचली. ज्यांना लाकूड परवडलं नाही, त्यांनी तुळया सरळ भिंतीवर टेकवल्या. भिंत गेली की सगळंच गेलं.

आमचं घर या दुसऱ्या प्रकारचं. वस्तीतली बहुतेक घरं तेव्हा पत्र्याची, नाहीतर पाचटाची. वडिलांच्या मनात फार होतं की आपलंही घर गावातल्यासारखं दगडाचं असावं. १९७२ च्या दुष्काळात आईने आणि त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. आई म्हणायची, दुसऱ्याच्या रस्त्याला इतका दगड फोडला, आपल्या घराला चार फोडायला काय झालं? आठ-नऊ वर्षं दोघांनी दगड साठवला आणि १९८१ साली घर उभं केलं. ज्या दिवशी माळवद पडलं, म्हणजे घालून पूर्ण झालं, त्या दिवशी वडील भिंतीवर हाताची थाप मारून म्हणाले होते, ''आता हिला काय होतंय!'' ही थाप लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्या रात्री आम्ही दोघे आणि आमची दोन लेकरं अंगणात म्हशीच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याखाली झोपलो होतो. आई आणि वडील आत. थोरले बंधू सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते, वहिनी त्यांच्याबरोबर. त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाळेसाठी गावाकडे आमच्यापाशी होता. तोही त्या रात्री आत झोपला होता.

पत्रा आमच्यावर वाकडा झाला, पण पडला नाही. समोर घर होतं तिथे धूळ होती. वडील आणि पोरगा गेले. आईला सकाळी दहाच्या सुमारास काढलं. तुळई आडवी पडल्यामुळे तिच्या तोंडापाशी जागा राहिली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्या दिवसांचं याहून जास्त सांगत नाही. पाऊस, लष्कर, सामुदायिक चिता, सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. मदतीच्या पैशावरून घराघरांत जे झालं तेही सर्वांना माहीत आहे. आमच्याही घरात झालं, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आई सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात पायाला वजन लावून दीड महिना होती. परत आली ती पत्र्याच्या शेडमध्ये. तेव्हा आम्ही ते वाक्य म्हटलं. नवीन घर बांधू. कागदावर तिचं वय साठ होतं, खरं कुणाला ठाऊक!

शेडमध्ये आम्ही तीन उन्हाळे काढले. एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की हात लावला तर चटका बसे. वर ओली पोती टाकायची, ती तासाभरात वाळायची. आईला उठता येत नव्हतं. नव्या गावाचं बांधकाम सुरू झालं होतं आणि दोघांनाही तिथे मजुरी होती, पण एकाला तिच्यापाशी थांबावं लागे. आधी आम्ही गृहीत धरलं की थांबायचं ते बाईनेच. आता इथे बसलेल्या पुरुष मंडळींना सांगतो, आम्ही काही समजूतदार होतो म्हणून बदललो नाही. एकदा बाई तापाने फणफणली आणि आईचं सगळं मुलाला करावं लागलं. भांडं देणं, धुणं, कूस बदलणं. त्याला लाज वाटली, तिला त्याहून जास्त. तिने तोंडावर पदर घेतला तो तासभर काढला नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, ''पानी जरा कोमट आन.'' त्यानंतर पाळी लावली, एक दिवस एकाने, एक दिवस दुसऱ्याने. मुकादम कुरकुरला, लोक हसले. बाईच्या अंगाला मात्र जरा विसावा मिळाला.

एक साधी गोष्ट आम्हाला कुणी वेळेवर सांगितली नाही म्हणून सांगतो. पडून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. आम्ही रात्री तिला झोपू द्यायचो, मोडू कशाला म्हणून. माकडहाडापाशी जखम झाली, ती भरायला चार महिने गेले. जखम व्हायच्या आधी कातडी लाल होते. ती रोज उजेडात पाहायची असते.

१९९६ साली नव्या गावात घर मिळालं. जमिनीप्रमाणे घराचं माप होतं. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असेल त्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्यावर ७५०. आमची दोन एकर, म्हणून २५०. जुनं घर वडिलांच्या नावाचं होतं, तेव्हा नवं आईच्या नावाने लागलं. ते तिच्या शेवटापर्यंत तिच्याच नावाने राहू दिलं. हे आम्ही मोठेपणाने सांगत नाही. पण आपल्याच गावात सांभाळतो म्हणून म्हाताऱ्यांचे अंगठे घेतलेले आपण पाहिले आहेत. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर रद्द करून घेता येते, आणि त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. असा अर्ज करायची पाळी कुणावर येऊ नये, एवढंच.

तर घर मिळालं. आम्ही आईला बैलगाडीतून आणलं. तिने उंबऱ्यात काठी टेकवून वर पाहिलं. स्लॅब होता. ती मागे फिरली.

''म्या हिच्याखाली निजायची न्हाई.''

आम्ही समजावलं. आमच्यापैकी एकाने याच गावाच्या कामावर हात धुतले होते. त्याने तिला भिंतीत उभ्या सळया कुठे आहेत, दरवाजाच्या वरून चारही भिंतींना धरून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा कसा फिरवलाय, सगळं दाखवलं. भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, ''आई, आता हिला काही होत नाही.''

ती म्हणाली, ''तुझ्या बापानं बी अशीच थाप मारली हुती.''

पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. शेडचे पत्रे आणून घरापुढे छपरी घातली, तिथे तिची बाज टाकली. थंडीत तीन बाजूंनी पोती लावायची, पावसाळ्यात मेणकापड. येणारे-जाणारे म्हणायचे, पाहा, स्वतः स्लॅबखाली आणि म्हातारीला पत्र्याखाली टाकलंय. किती जणांना सांगत बसणार? शेवटी आम्हीही आळीपाळीने तिच्याशेजारी बाहेर झोपू लागलो. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं आम्हालाही आत झोप लागत नव्हती. आईचं कारण पुढे करणं सोपं होतं.

नवं गाव आम्हा तरुणांना आवडलं. रुंद रस्ते, सरळ रांगा, दिव्याचे खांब. म्हाताऱ्यांना ते उलगडेना. जुन्या गावात बोळ वाकडे होते, पण प्रत्येक वळणावर कुणीतरी बसलेलं असे. इथे शंभर घरं सारखी, एकाच रंगाची. आई काठी टेकत जरा लांब गेली की दुसऱ्याच्या छपरीत जाऊन बसायची आणि पाणी मागायची. त्या घरचे ओळखीचेच, आणून सोडायचे, पण ती रडवेली व्हायची. म्हणायची, ''ह्या गावाला तोंडच न्हाई.''

आम्ही तिच्यासाठी बरेच उद्योग केले. ढिगाऱ्यातून जुन्या घराची चौकट शोधून काढली होती, ती रंधून, तेल लावून नव्या घराला बसवली. केवढी मेहनत! वाटलं, आईला आनंद होईल. तिने विचारलं, ''ही कुनाची रं?'' सांगितल्यावरही तिने पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. दाराला निळा रंग दिला, त्याचा मात्र उपयोग झाला. लिंब लावला, तो शेळीने खाल्ला.

खरा फरक पडला तो शेजाराने. घरं मापाप्रमाणे वाटली गेल्यामुळे जुने शेजार मोडले होते. आईची जुनी शेजारीण, जिच्याबरोबर तिने खडी फोडली, ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली होती. आमच्या शेजारच्या कुटुंबाला आम्ही विनवलं, त्यांच्या मुलाच्या दुकानाला ते टोक सोयीचं होतं, आणि दोन घरांनी आपसांत अदलाबदल केली. त्या दिवसापासून दोघी म्हाताऱ्या सकाळी एका बाजेवर बसून ज्वारी निवडायच्या आणि दिवसभर भांडायच्या. आईचं जेवण वाढलं. आम्ही तिला काम करू देत नव्हतो, आता आराम कर म्हणायचो. ती चूक होती. मुठीतली ज्वारी काढून घेतली की हात कशाला राहतात?

आता थोरल्या बंधूंविषयी सांगायला हवं, कारण आजचं बोलणं खरं म्हणजे त्यासाठीच आहे.

भूकंपानंतर बंधू आणि वहिनी गावाकडे फारसे आले नाहीत. आले तरी वहिनी रस्त्यावरच थांबायच्या. आईला काही दिवस सोलापूरला न्या, असं आम्ही दोनदा सुचवलं, बंधू गप्प राहिले. आम्हाला राग आला. आईला आम्ही सांभाळतो, थोरला अंगचोर आहे, असं आम्ही लोकांना सांगत सुटलो. याच विहाराच्या पायरीवर बसून सांगितलं आहे, ऐकणारे काही जण आत्ता समोर बसले आहेत. दहा वर्षं आम्ही हे बोलत होतो.

२००३-०४ च्या सुमारास आईचं डोकं अधूनमधून फिरू लागलं. संध्याकाळ झाली की ती काठी घेऊन निघायची, जुन्या गावाकडे. दोन किलोमीटरचं अंतर, मध्ये ओढ्यावरचा मोडका पूल. एकदा तिथेच पडली. आम्ही ओरडायचो, आईला कोंडून ठेवल्यासारखं करायचो. दाराला बाहेरून कडी लावल्याचे दिवसही गेले आहेत. ती कडीशी खुडबूड करत बसायची आणि आम्ही आत भाकरी खायचो. हे सांगताना बरं वाटत नाही.

एके दिवशी शेजारची म्हातारी आम्हालाच बोलली. ''ती जातीया तर संगं जावा की. कडी काय लावता गुरावानी?''

मग आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, आम्हीच तिला घेऊन जायला लागलो. आधी गाडीतून, पुढे लुनावर मध्ये बसवून. जुन्या गावावर वेड्या बाभळी माजल्या आहेत, दगडांचे ढीग तसेच. आम्हाला आमची जागा सापडेना. तिला सापडली. जमिनीत पुरलेलं उखळ होतं, त्यावरून. त्या उखळापाशी ती बसायची, तास-दीड तास. मग म्हणायची, ''चला, दिवस बुडला.'' घरी आल्यावर शांत झोपायची. उखळ उचलून नव्या घरी आणू का, असं आम्ही विचारलं. ''ते तितंच राहू द्या,'' म्हणाली.

चौथ्या की पाचव्या खेपेला ती बोलली. डोकं त्या दिवशी अगदी जागेवर होतं.

''दव पडत हुतं रं. म्या म्हनलं, आत ये लेकरा. त्यो न्हाई म्हनत हुता. म्याच आत आनला.''

आम्ही दोघे उभे होतो ते खाली बसलो. कारण त्या रात्री पोरगा मिरवणूक पाहून आला तो आमच्याजवळ पत्र्याखाली आडवा झाला होता. आईने आतून हाक मारली. तो उठेना, म्हणाला, ''काकी, मी हितंच झोपतो.'' आणि आम्ही म्हटलं, ''जा रे, आजी बोलावतीय तर जा.'' आमच्यापैकी कोणी म्हटलं? ते आम्ही आजवर एकमेकांना विचारलेलं नाही. पण म्हटलं हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दहा-अकरा वर्षं दोघांनीही ते तोंडाबाहेर काढलं नव्हतं. ती समजत होती, आपण एकटीने त्याला आत नेला. म्हणून तिला स्लॅबखाली झोपायचं नव्हतं. ती भीती आहे असं आम्ही समजत होतो. ती भीती नव्हती.

आम्ही तिला सांगितलं. ''आत्या, आमीच धाडलं त्याला.''

तिने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ''मंग इतके दिस मला एकटीला का बसू दिलं?''

याला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही सोलापूरला गेलो. बंधूंना आणि वहिनींना समोर बसवून सगळं सांगितलं. वहिनी उठून आत गेल्या. बंधूंच्या केसांत कापसाची तूस होती, ती ते बोटांनी काढत राहिले. म्हणाले, ''पोरगं काकीपाशीच झोपायचं, मला माहीत होतं. मग ते आत कसं गेलं, हे मला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तुम्हाला तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून आलो नाही.'' आम्ही त्यांना अंगचोर म्हणत होतो त्या काळात ते आमची अब्रू राखत होते. त्या दिवशी जेवण झालं नाही. रात्रीच्या एस.टी.ने परत आलो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत वहिनी आल्या. या वेळी रस्त्यावर थांबल्या नाहीत. छपरीत आल्या, बाजेवर आईच्या मागे बसल्या, फणी मागितली आणि तिचे केस विंचरू लागल्या. केस राहिलेच किती होते! तरी त्या अर्धा तास विंचरत होत्या. दोघींपैकी कोणी काही बोललं नाही. शेजारची म्हातारी नेमकी तेव्हा ज्वारीचं सूप घेऊन आली आणि दारातूनच परत गेली, एवढं शहाणपण तिने आयुष्यात पहिल्यांदाच दाखवलं असेल.

सगळं काही ठीक झालं असं नाही. बंधू गावात मुक्कामाला कधीच राहिले नाहीत, सकाळी यायचे, संध्याकाळच्या गाडीने जायचे. वहिनी वर्षातून दोनदा येऊन आठ-आठ दिवस राहायच्या आणि आईचं सगळं करायच्या, तेव्हा आम्हाला रात्रीची झोप मिळायची. आईचं विसरणं वाढत गेलं. शेवटी शेवटी ती आमच्यापैकी एकाला 'अहो' म्हणायची, नवरा समजून, आणि माळवदावर माती टाकायची राहिली म्हणून तगादा लावायची. आम्ही आधी दुरुस्त करायचो. मग कळलं, दुरुस्त करून तिचं दुःख ताजं होतं. मग म्हणायचो, ''टाकतो उद्या.'' तिला तेवढं पुरायचं.

२००९ च्या हिवाळ्यात ती गेली. त्याच बाजेवर, पत्र्याखाली. स्लॅबखाली ती एक रात्रही झोपली नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली होते, तिथे आम्ही जातो, आणि येताना उखळापाशी थांबतो. बंधू आता थकले आहेत, पण त्या दिवशी येतात.

सीनेकाठच्या त्या मुलाचा फोन नंबर आम्ही आणला होता. महिन्याभराने फोन केला. घराचा पंचनामा झाला का, पैसे आले का, हे सगळं विचारलं. मग विचारलं, आई काय म्हणते? तो म्हणाला, काहीच म्हणत नाही, नुसती भिंतीकडे बघत बसते. आम्ही म्हटलं, तिला एकदा जुन्या जागी घेऊन जा, चिखल असला तरी. तो म्हणाला, तिथे काय राहिलंय आता? पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करणार आहोत.

आमचा मुलगा आता कर्ता आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने फीत घेऊन छपरीचं माप घेतलं. पत्रे काढून पुढे एक खोली काढायची आहे, स्लॅबची, आम्हा दोघांसाठी. सून म्हणते, तुम्हाला बाहेर गार लागतं. त्यांचं बरोबर आहे. आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. बाज तिथेच आहे, सुंभ दोनदा बदललं. दुपारी जेवण झालं की आमच्यापैकी जो आधी पोचेल तो तिच्यावर पडतो.

वेळ बराच झाला, महिला मंडळाचा कार्यक्रम खोळंबला आहे. थांबतो. जयभीम.